दहा मिनिटे वाफ

बाई,

समोर आईच्या अंगणात बाजेवर पाच किलो गव्हाच्या कुरडया वाळत घातल्या आहेत आणि मला दर थोड्या वेळाने उठून त्यांना हात लावून बघावंसं वाटतंय. आई ओसरीतून सांगते, ओल्या हायेत, हात लावू नको, मोडतील. मी परत येऊन बसते. बसलं की पुन्हा उठावंसं वाटतं. म्हणून ही कोरी वही मांडीवर घेतली आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी, तुमची विद्यार्थिनी असून, तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण हात रिकामे राहिले की बाजेकडे जातात.

तुम्ही गेलात तेव्हा घरात साधा फोनही मोजक्यांकडे होता. आता कुठल्याही बाईला काही करायचं असलं की ती आधी फोनवर विचारते. कुरडई विचारा, क्षणात शंभर कृती पुढे. ऐकायला छान वाटतं ना? मी गेल्या आठवड्यात तीन-चार दिवस त्या शंभर कृतींमध्ये हात घालून बसले होते आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. एक म्हणते गहू तीन दिवस भिजवा, दुसरी म्हणते एक रात्र पुरे, तिसरी गहूच नको म्हणते, रव्याच्या करते आणि वर नाव कुरडईच देते. गहू वाटून निघालेल्या चिकाला पाणी कुठे तेवढंच, कुठे दीडपट. मीठ 'चवीनुसार'. अहो, कच्च्या चिकाची चव कोण घेऊन बघणार आहे? एका ठिकाणी कृती सुरू होईपर्यंत त्या ताईंचं माहेर, सासर, त्यांची सहल सगळं वाचून झालं, आणि खाली कृती निघाली ती शब्दन् शब्द दुसऱ्या ताईंची. ताटही तेच, ताटाखालचा निळा फुलाफुलांचा रुमालही तोच. त्याखाली चाळीसजणींनी लिहिलंय, मस्त ताई, छान ताई, नक्की करून बघेन. नक्की करून बघेन म्हणणारीने आजवर काही करून बघितलेलं नाही, हे मला आता पाठ झालंय. शेवटी मी एक युक्ती काढली. वरचं काही वाचायचंच नाही. सरळ तळाशी जायचं आणि 'बिघडलं' म्हणणारी बाई शोधायची. बिघडलं म्हणणारीनेच खरं केलेलं असतं. तिला काय उत्तर मिळालं ते बघायचं. बहुतेक ठिकाणी काहीच उत्तर नसतं.

नाकाने कांदे सोलते आहे मी, हे मला कळतंय. कारण बाई, त्या शंभर ताईंमधली एक मी आहे.

चार वर्षांपूर्वी मुलाने माझ्या फोनवर माझं चॅनल सुरू करून दिलं. तो पुण्याला नोकरीला, मी नाशकात इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये एकटी, दिवस जाता जात नव्हता. त्याला वाटलं आईला काहीतरी विरंगुळा. फोन डब्यांच्या उतरंडीला टेकवायचा आणि बोलत बोलत करायचं, एवढंच. पहिल्यांदा मी तुमचं थालीपीठ केलं. मग तुमचं कैरीचं लोणचं, तुमच्या रव्याच्या वड्या, तुमची कोथिंबीर वडी. बायका लिहायला लागल्या की ताई, तुमचं प्रमाण कधी चुकत नाही. कसं चुकेल? ते माझं नव्हतंच. आयत्या बिळावर नागोबा तशी मी तुमच्या कृतींच्या वहीवर बसले होते. आणि प्रत्येक व्हिडिओत न चुकता म्हणत होते, 'ही माझी पद्धत.' चार वर्षांत तुमचा उल्लेख एकदाही केला नाही. का, ते आता मला धड सांगताही येत नाही. पहिल्यांदा राहून गेलं. दुसऱ्यांदा वाटलं, आता कशाला. नंतर नंतर मला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं.

ती वही तुमच्या भाचीने आणून दिली होती, वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तुमच्या अक्षरात माझं नाव. भाची म्हणाली, आत्यांनी मुद्दाम तुमच्यासाठी काढून ठेवली होती. मी तेव्हा रडले. मग ती कपाटात ठेवली, आणि तिथे ती वीस-बावीस वर्षं तशीच राहिली. चॅनल सुरू झालं तेव्हाच बाहेर आली.

तुमचा तो नियम आजही डोळ्यांपुढे आहे. जुन्या नाशकातली आपली मुलींची शाळा, मागच्या बाजूची गृहविज्ञानाची खोली, चार वातीचे स्टोव्ह, रॉकेलचा वास आणि ओट्यावरच्या भिंतीला ते मोठ्या काट्याचं घड्याळ. तुम्ही म्हणायचात, कृती पेन्सिलीने लिहा. पदार्थ जमला की हळदीत बोट बुडवून पानाच्या कोपऱ्यावर टेकवा. वेगवेगळ्या दिवशी तीनदा जमला, तीन बोटं उमटली, की मगच शाईने लिहा आणि मगच दुसऱ्या कोणाला सांगा. आणि पान उलटून मागे लिहा, कोणाकडून घेतलं. आम्ही मुली हसायचो. पानामागे कोण बघतंय, असं मी शेजारणीला म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

आणि माझी ती तीन बोटं. मी तेव्हा पंचवटीत मावशीकडे राहत होते. तिच्या स्वयंपाकघरात मला रोज कोण शिरू देणार? मी थालीपीठ एकदाच लावलं आणि त्याच संध्याकाळी एकाशेजारी एक तीन बोटं टेकवून मोकळी झाले. सोमवारी तुम्ही वही उजेडात धरता. पान जरा तिरकं करता. मग विचारता, "तीन दिवसांची हळद एकाच रंगाची कशी गं? पहिलं बोट एव्हाना फिकं पडायला नको होतं?" सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय. मी मान खाली घालून उभी, परकराची कड बोटाला गुंडाळत. तुम्ही ओरडला नाहीत. पुढचे तीन सोमवार मला थालीपीठ करून आणायला लावलंत, आणि तिसऱ्या सोमवारी वर्गासमोर उभ्या राहून ते सगळं संपवलंत. मग म्हणालात, "आता लाव बोट."

त्यानंतर मी कधी खोटं बोट उमटवलं नाही, हे खरं आहे. पण तोंडाने खोटं बोलायला हळदीची गरज लागत नाही. ती गोष्ट पुढे येतेच आहे.

दहावी झाल्यावर तुम्ही मला स्टीलची एक मापाची वाटी दिलीत. आतल्या बाजूला तुम्ही स्वतः खिळ्याने दोन रेघा ओढल्या होत्या, अर्धी आणि पाव. मी म्हटलं, बाई, आमच्या आईला माप लागत नाही, ती सगळं अंदाजाने करते. तुम्ही म्हणालात, "तिला अंदाज शोभतो. तिने हजारदा केलंय. तू अजून मोज." ती वाटी मी अजून वापरते. बायका व्हिडिओखाली विचारतात, ही वाटी कुठे मिळते.

तर यंदा चैत्रात काय झालं ते ऐका. तुमच्या वहीतली तीन बोटांची पानं संपली. चार वर्षं दर आठवड्याला एक, किती पुरणार? मुलगा फोनवर म्हणाला, आई, उन्हाळा आहे, वाळवणाचं काहीतरी कर, लोक तेच शोधतायत. वहीत कुरडईचं पान होतं. त्यावर एकच बोट होतं, पार फिकटलेलं, आणि कृती पेन्सिलीत. मी ते बघितलं, बाई. बघितलं नाही असं म्हणणार नाही. मनात म्हटलं, बाईंचं एक बोट म्हणजे बाकीच्यांची दहा. वर लिहिलं होतं, गहू अर्धा किलो, तीन दिवस भिजवणे, रोज पाणी बदलणे. चीक जितका तितके पाणी. चीक घातल्यावर दहा मिनिटे वाफ. मी अर्धा किलोच्या केल्या, गॅलरीत वाळवल्या, तळल्यावर फुलांसारख्या फुलल्या. व्हिडिओत शेवटी मी हसून सांगितलं, 'जास्त करायच्या असतील तर हेच प्रमाण दहापट घ्या. वाफ दहाच मिनिटं. मी दरवर्षी पाच-पाच किलोच्या करते, बिनधास्त करा.'

दरवर्षी पाच किलोच्या आई करते. मी जन्मात कधी केल्या नव्हत्या. लहानपणी चूल पेटली की मी वाटी घेऊन पुढे बसायचे, गरम चिकावर तेल आणि साखर घालून खायला. माझा कुरडईशी संबंध एवढाच.

गेल्या गुरुवारी सकाळी चहा पिताना एका बाईची कमेंट वाचली. तिने लिहिलं होतं, 'ताई मी चांदवडची. तुमचं बघून पाच किलो गव्हाच्या कुरडया केल्या. वाळल्यावर हात लावला की तुटतात, नुसता चुरा झाला. मुलीच्या रुखवतात मांडायच्या होत्या. लग्न वीस दिवसांवर आहे. सगळे म्हणतात विकतच्या आण, पण मला माझ्या हातच्या द्यायच्या होत्या. तुम्ही बिनधास्त करा म्हणाला होता.' बस्स, एवढंच. एकही वाईट शब्द नाही. मी ती दोनदा वाचली आणि काढून टाकली. बोट कसं पुढे गेलं ते कळलंच नाही असं लिहिणार होते, पण कळलं होतं. त्या व्हिडिओखाली दोनशेजणींनी मस्त ताई लिहिलं होतं, आणि मला ती एक ओळ तिथे नको होती.

त्या दिवसापासून घरात बसवेना. भाजी फोडणीला टाकली की रुखवत दिसायचं. मांडवातलं टेबल, त्यावर पांढरी चादर, ताटाताटांत लाडू, करंज्या, पापड, आणि मधे कुरडयांच्या जागी चुऱ्याचं ताट. व्याही मंडळी बघून पुढच्या ताटाकडे वळतात, आणि ते मुलीच्या आईला कळतं. मुलाला विचारलं, काढलेली कमेंट परत आणता येते का रे? तो म्हणाला, नाही, एकदा गेली की गेली. नाव आठवतंय का? नाव मी नीट बघितलंच नव्हतं. चांदवडमध्ये मुलीचं लग्न असलेली बाई, एवढ्यावर कोणाला शोधणार? मग मी ते शंभर कृतींचं शोधणं सुरू केलं. चूक कुठे झाली तेवढं तरी कळू दे. भिजवणं कमी पडलं? गहू वेगळा? पाणी? कोणी काही सांगेना. कुरडया का तुटतात, असं मी स्वतः दोन ठिकाणी विचारलं. एकीने मला दोन गुलाबाची फुलं पाठवली.

एवढ्यात कोणीही म्हणेल, अगं बाई, तुझी आई निफाडजवळ बसलीय, पाऊण तासाचा रस्ता, तिला विचार ना. तेच तर. फोनवर शंभर परक्या बायकांना विचारलं, पण आईला विचारायचं माझ्या मनातच येत नव्हतं. आलं ते रविवारी, तेही नाइलाजाने.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांनी कमी दिसतं, बाकी खणखणीत. भाऊ द्राक्षबागेच्या खरड छाटणीच्या गडबडीत, बागेत माणसं लावलेली, घरात आई एकटीच लसूण सोलत बसली होती. मी चपला काढायच्या आत विचारलं, पाच किलोचा चीक किती वेळ शिजवायचा? आईने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, एका बाईने माझं ऐकून दहा मिनिटं वाफवला आणि तिच्या सगळ्या तुटल्या. आईने लसूण खाली ठेवला.

"दहा मिनिटं? एवढ्याचं तर आधण पण येत नाय दहा मिनिटात. कच्चा राह्यला असंल, दुसरं काय. कोणी सांगितलं तुला दहा मिनिटं?"

मला राग आला. आईचा नाही, तुमचाही नाही, असाच आला. मी पिशवीतून तुमची वही काढली. म्हटलं, हे बघ, आमच्या बाईंच्या वहीत लिहिलंय, आणि आमच्या बाई कधी चुकत नव्हत्या. आईला काय अक्षर दिसणार, तिने नुसता पानावरून हात फिरवला. फिरवताना पान उलटलं. मागे तुमच्या अक्षरात पेन्सिलीची ओळ होती. 'माहिती : नववी ब मधील निफाडच्या मुलीच्या आईकडून. दहा मिनिटे असे त्यांनी सांगितले. जास्त मापाचे करून पाहणे बाकी. त्यांना एकदा शाळेत बोलवायचे आहे.'

नववी ब मधली निफाडची मुलगी मी एकटीच होते.

आणि मग बाई, सगळं आठवलं. इतकी वर्षं कुठे होतं कोण जाणे. मार्च महिना होता. तुम्ही मला तासानंतर थांबवता आणि म्हणता, तुमच्याकडे कुरडया होतात ना, मी पुण्यात वाढले, मला चीक शिजवायचं नीट माहीत नाही, आईंना विचारून ये. नाहीतर असं कर, आईंनाच घेऊन ये एक दिवस शाळेत, त्याच दाखवतील सगळ्या मुलींना. मी हो म्हणते आणि दप्तर उचलते. मला आई दिसते, नऊवारी खोचून आपल्या त्या खोलीत उभी, सगळ्या मुलींसमोर लय आणि नाय करत, घड्याळाकडे पाठ करून. नाशकातल्या मुली मागून हसताना दिसतात. वर्षभर मी त्यांच्यासारखं बोलायला शिकत होते. आईने एका तासात सगळं घालवलं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

शनिवारी घरी गेले. द्राक्षं उतरवायचे दिवस होते, आई पहाटेपासून बागेत. रविवारी दुपारी ती पाटावर बसून भाकरी खात होती, मी समोर होते, विचारायला एक मिनिट लागलं असतं. विचारलं नाही. सोमवारी तुम्हाला सांगितलं, आई म्हणाली दहा मिनिटं वाफ, बास. आणि तिला यायला नाही जमणार, बाग सोडता येत नाही. दहा हा आकडा मी शाळेच्या जिन्यात ठरवला होता. तुम्ही म्हणालात, हरकत नाही, त्यांना माझा नमस्कार सांग. तोही मी सांगितला नाही.

म्हणजे तुम्ही अर्धा किलोच्या केल्यात, तेवढ्याला दहा मिनिटं पुरली, एक बोट उमटवलंत, आणि पुढच्यासाठी आईची वाट बघत थांबलात. पेन्सिलीची तुम्ही शाई केलीच नाहीत. मी मात्र चाळीस वर्षांनी माझीच थाप तुमच्या अक्षरात वाचली, तुमच्या नावाखातर तिच्यावर विश्वास ठेवला आणि चांदवडच्या त्या बाईला बिनधास्त कर म्हणून सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

रविवारी संध्याकाळी ओसरीवरच फोन विटांना टेकवला आणि बोलले. मुलाला विचारलं नाही. सांगितलं की कुरडईचं ते माप अर्धा किलोचंच आहे. पाच किलोच्या मी कधी केल्या नव्हत्या, करते असं खोटं सांगितलं. बाकीचं सगळं आमच्या बाईंच्या वहीतलं आहे, माझं नाही. चांदवडच्या ताई, तुमची कमेंट मी काढली, तुम्हाला हे दिसलं तर परत लिहा. मग आईने काय सांगितलं ते सांगितलं. घड्याळ बघायचंच नाही. लाकडी चाटू चिकात उभा राहिला पाहिजे, पांढरा रंग जाऊन काचेसारखा झाला पाहिजे, आणि मग पाण्यात बोट बुडवून चिकाला लावायचं. बोटाला चिकटला तर कच्चा आहे, झाकण ठेवून परत वाफ द्यायची. बोट कोरं निघालं की उतरवायचा.

त्या रात्री झोप लागली नाही हे वेगळं सांगायला नको. सोमवारी सकाळी तिचं आलं. 'माझी कमेंट तुम्हीच काढली ना?' मी लिहिलं, हो. मग दुपारपर्यंत काही नाही. मी आईच्या अंगणात येरझाऱ्या घालत होते, आई म्हणाली, अशी काय करतीस, बस की जरा. दुपारी परत आलं. 'आता हे कोणाला विचारून सांगताय?' मी लिहिलं, माझ्या आईला. ब्याऐंशी वर्षांची आहे, दरवर्षी करते. थोड्या वेळाने तिने लिहिलं, 'मग ठीक. गहू भिजवते. बघू.' त्या 'बघू'ने माझा जीव टांगणीला लागला आहे. त्याच संध्याकाळी आईकडे मीही पाच किलो गहू भिजत घातले. ती तिकडे आणि मी इकडे, रोज पाणी बदलतोय. तिच्या तुटल्या आणि माझ्या नाही, किंवा माझ्या तुटल्या आणि तिच्या नाही, काहीही झालं तरी मला माहीत हवं होतं.

आज पहाटे चीक शिजवला. चुलीपुढे आई पाटावर, चाटू माझ्या हातात. दहा मिनिटं झाली तेव्हा तुमची आठवण आली, चीक नुसता खिरीसारखा होता. खांदे भरून आले, घामाने पाठ भिजली, तरी आई म्हणे, हालव. शेवटी चाटू उभा राहिला. आईने वाटीतल्या पाण्यात बोट बुडवलं, चटकन चिकाला लावलं आणि माझ्या तोंडासमोर धरलं. कोरं होतं. मग माझं बोट धरून तसंच लावायला लावलं. चटका बसला, पण तेही कोरं निघालं.

सोऱ्या भरताना आई आपणहून बोलायला लागली. म्हणाली, तुझ्या त्या बाईंनी तुला लय जीव लावला. मी म्हटलं, हो. आईने चिकाचा एक गोळा बाजूला वाटीत काढला, तेल-साखर घालून माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "त्यान्ला एकदा असा गरम चीक खाऊ घालायचा व्हता मला. तुझ्यासाठी एवढं केलं त्या बाईनं. पण त्यान्नी कधी बोलावलंच नाय, अन् आपण आपलं होऊन शाळेत कसं जायचं? मोठ्या शिकलेल्या बाई त्या."

मी वाटीत बघत राहिले. म्हटलं, चीक छान झालाय.

आता ऊन उतरतंय. कुरडया कडेने पारदर्शक व्हायला लागल्या आहेत, उद्या उलटता येतील, परवा कळेल. चांदवडला ऊन असंच असेल. वही माझ्यापाशी आहे. कुरडईच्या पानावर तुमच्या बोटाशेजारी जागा आहे, आणि आईने हळदीची वाटी आणून ठेवली आहे, तिला वाटतं मला लोणच्यासाठी हवी आहे. परवा एकही तुटली नाही तर बोट तिचं उमटवीन, माझं नाही. मागे लिहीन, आईकडून, या वेळी विचारून. पण बोट उमटवताना ती विचारणारच की हे पान कोणाचं, मागे काय लिहिलंय. सकाळपासून दोनदा तिच्याजवळ जाऊन बसले आणि दोन्ही वेळा लसूण सोलून उठले. तुम्ही तिला बोलावलं होतं, बाई. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.